विहिरीपाशी काढलेला गिऱ्हा

आये, हात अजून थरथरतोय, म्हणून अक्षर वाकडं येतंय. तसंही तुला वाचता येत नव्हतं, आणि तू गेलीस त्यालाही कितीतरी पावसाळे झाले.

तुझा पोरगा सध्या रत्नागिरीजवळच्या एका शाळेच्या भिंती रंगवतो. नाटक कंपनीत पडदे रंगवत होतो, ती कंपनी मोडली. मुंबईला जायला बंदरावर आलो आणि एका गृहस्थाशी बोलत बसलो तेवढ्यात आगबोट सुटली. ते गृहस्थ शाळेचे हेडमास्तर निघाले. म्हणाले, "पोरांना शाळेत यावंसं वाटेल असं काहीतरी काढ." मग चिऱ्याच्या भिंतीला चुना फासून मी पगडीवाला खेकडा काढला, छत्री घेतलेला बगळा, घंटा बडवणारा वानर. पगडीची तर एक गंमतच आहे, पण ती राहू दे, मला विहिरीचं सांगायचंय.

शाळेमागच्या विहिरीचा कठडा ढासळलाय. हेडमास्तर म्हणाले, "बांधायला चिरा यायचाय. तोवर तिथल्या भिंतीवर गिऱ्हा काढ. पोरं फिरकता कामा नयेत." गिऱ्हा म्हणजे माणसाला पाण्यात ओढणारं भूत, हे तुला काय सांगायचं. मी शेवाळाचे केस काढले, नारळाएवढे डोळे, फावड्यासारखे दात. काल मधल्या सुट्टीत बघतो तर भिंत आणि विहीर यांच्यामधल्या पाऊलभर जागेत पहिलीतली एक पोर उभी, हातात भाकरीचा तुकडा.

"गिरोबा, जेवलास काय?"

मागं बाकीची पोरं खिदळतायत. ती टाचा उंचावते, आणि तिच्या पायाखालची माती खाली पाण्यात पडल्याचा आवाज मला ऐकू येतो. धावत जाऊन वेणीला धरून ओढली तिला. ती रडली, मला शिव्या दिल्या. रात्रभर तो आवाज कानातून गेला नाही.

आणि पहाटे तुझं स्वयंपाकघर आठवलं. मागच्या दारातून बावीकडं, आपल्या विहिरीकडं, जायची वाट. तू चुलीतला विझका कोळसा घेऊन दाराशेजारी एक तोंड काढतेस. दोन डोळे, एक तोंड, बाकी काही नाही. रेघा तुटक तुटक. "हितनं भायर पाय टाकलास तर तंगडं मोडीन तुजं." मी कधी टाकला नाही. बाकी कुणाचं मी आयुष्यात ऐकलं नाही, तुला ठाऊकच आहे.

आज सकाळी त्या गिऱ्ह्यावर चुना मारला आणि कोळसा घेऊन पुन्हा बसलो. पाठीमागं विहीर, हात काही स्थिर राहीना. तोंड झालं तसंच ठेवलं. सुट्टीत ती पोर आली, लांबच थांबली.

"ह्यो रागावलाय काय?"

मी भिंतीपुढून बाजूला सरकलो. तिनंच नीट निरखून बघितलं.

"नाय. भ्यालाय ह्यो." आणि मागच्या पोरांचे हात धरून तीच त्यांना परत घेऊन गेली.

परवाची आगबोट आहे, पण चिरा अजून आलेला नाही. सुट्टीभर मी विहिरीपाशी बसून असतो, सोडून जाववत नाही. हा कागद खिशातच राहील. आये, तुझ्या भिंतीवरच्या त्या तोंडाला मी कधीच भ्यालो नव्हतो. कोळसा धरलेला तुझा हात थरथरत होता, त्याला भ्यालो होतो.