कावळ्याचे डोळे, गाडीचे डोळे

३ जाने., शनि.
लेक मनाली तळोज्याहून आली ती तोंड पाडून. तिच्या कंपनीची बिनचालकाची गाडी शुक्रवारी पाहुण्यांना आवारात फिरवणार. गाडी लेसर सोडते. तो आपटून परत आला की समोर काहीतरी आहे हे तिला कळतं. मनालीचं म्हणणं, तो उजेड कोणी भलतीकडे वळवला तर समोरचा माणूसही गाडीला दिसणार नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, एवढी उठाठेव करायला येतंय कोण?" आणि 'गाडी सुरक्षित' या कागदावर सही मागितली. तिने अजून केलेली नाही.
मी उभी राहून सुरू: "ज्या यंत्राला शंका घेता येत नाही, त्याच्या हाती माणसं..."
"आई, बस. इथे माइक नाहीये."

४ जाने., रवि.
सारसोळ्याला थोरल्या बहिणीकडे, हिराबायकडे. मनालीला ओढूनच नेलं. अंगणात बोंबील सुकत होते, वर जुन्या सीडींची माळ लखलखत होती.
"बाय, लेकाच्या लग्नाची सीडी कावळ्यांना?"
"यवऱ्या वर्सांत कोनी बगितली? आता कावले तरी बगतान."
मनालीचं दुखणं सांगितलं. (गल्लीला ऐकू गेलं असावं.) हिराबाय बोंबील उलटत म्हणाली, "कावल्याचे डोले दिपतान, मंग तुजे गारीचे कनाला नाय दिपनार?"
मनाली माळेकडे बघतच राहिली. मग अनवाणीच उठली. एवढी पुस्तकं मी वाचली, आणि मला हे...
माळ मागितली. हिराबायने अर्धीच दिली.

६ जाने., मंगळ.
दुपारी मनालीचा फोन. "आई, उडवलं!"
"कोणाला गं?"
"खोक्याला!"
रिकामं खोकं, पुढे सीडी दाटीने बांधलेल्या. दोनदा गाडी थांबली. तिसऱ्यांदा थेट खोक्यावर! साहेब बाजूलाच उभे. एक सीडी उचलून विचारलं, "हे आणलंत कुठून?"
"मावशीच्या बोंबलांवरून."
घरात एकटीच नाचले. गुडघ्यांनी हरकत घेतली नाही.

८ जाने., गुरु.
मनालीने सही केली नाही. कागदावर लिहून दिलं: दोष दूर होईपर्यंत चालकाच्या सीटवर माणूस हवा. साहेबांनी दोनदा वाचलं म्हणे. उद्या गाडी काढायची की नाही, सकाळी ठरवणार. तोवर पुन्हा तपासायला उरलेली माळही हवी आहे त्यांना!
संध्याकाळी म्हणाली, "आई, उद्या पाहुण्यांसमोर मला बोलावं लागेल. दे काहीतरी लिहून." आयुष्यभर सभा गाजवल्या, पण हे निमंत्रण! चार पानं लिहिली. तिने एकच वाक्य ठेवलं: 'गाडीला डोळे दिलेत, आता शंका घ्यायलाही शिकवा.' बाकीची पानं घडी करून माझ्याच हातात. बरोबरच केलं. मी असते तर चारही वाचली असती.
हिराबायला फोन केला. माळ?
"आज नाय गो. आदी बोंबील सुकूं दे. मनालीचे सायबाला सांग, गारी हितंच घेवून ये. कावले हान ना पारख कराला."