कच्चा कोळसा

२ फेब्रु., रवि. वलगाव

तूर निघाली. बाबांनी सगळ्यात सरळ तुराट्यांचा भारा बांधून भिंतीला उभा केलाय. आईला त्यातली एक काडी चुलीत घालू देत नाहीत. मी चप्पल काढते न काढते तोच म्हणाले, "यंदा कोळसा तू करशील, कुंदे. माह्याच्यानं आता इस्तवाजवळ बसवत नाई."

म्हणजे पाडव्याची तयारी. ठासणीची बंदूक आजोबांपासूनची. परवाना पिकाच्या राखणीचा, पण बाबांनी जन्मभर फोडली ती फक्त गाडगी. पाडव्याला सकाळी बांधावर गाडगं ठेवायचं, एक बार, गाडगं फुटलं की वर्ष चांगलं. बारूद मी घरात होऊ देणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ते काम अकोल्याच्या हमीदभाईंचं. फटाकेवाले, परवानेवाले, बाबांचे जुने दोस्त. बाबांची अट तेवढी एकच, बारुदीत पडणारा कोळसा आपल्याच तुराटीचा पाहिजे.

दादाचा पुण्याहून फोन. मे महिन्यात परवान्याचं नूतनीकरण आहे, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल, त्यापेक्षा ते लोखंड जमा करून टाका. बाबांनी फोन माझ्या हातात कोंबला. "तूच बोल. पुण्याचा आवाज फाटते."

९ फेब्रु., रवि. वलगाव

साली सोलून बोटं फाटली. तेलाच्या डब्यात तुराट्या उभ्या भरल्या, झाकणाला खिळ्यानं भोक, भोवती गोवऱ्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. भोकातून पांढरा धूर, मग त्या धुरालाच जाळ लागला. सुंदर दिसतं ते. तो जाळ विझला की भोक चिखलानं बुजवायचं आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

मी लावला. मला अमरावतीला परत यायचं होतं, उद्या सकाळची बॅच. झाकण उघडलं, वारा आत गेला, सगळं लालबुंद झालं आणि बघता बघता राख. बाबा खाटेवरून पाहत होते. रागावले नाहीत, हसले. ते जास्त लागलं.

"मास्तरीनबाई, पोट्ट्यायले काय शिकवता? घाई?"

१० फेब्रु. राजापेठ, अमरावती

नखं काळी. बारावीच्या बॅचमधली एक पोरगी म्हणे मॅडम हेअर डाय केला का. हो म्हणून टाकलं.

१६ फेब्रु., रवि. वलगाव

काल रात्रीच मुक्कामाला आले, डबा लावला, सकाळी उघडला. एकेक काडी जशीच्या तशी, काळी, पिसासारखी हलकी. मला फार आनंद झाला. एवढा आनंद एम.एस्सी.च्या निकालाला झाला नव्हता.

बाबांनी एक काडी घेतली, कानाजवळ नेली, मोडली. हीच त्यांची परीक्षा. पिकलेला कोळसा मोडताना वाजतो म्हणतात, काच वाजते तसा. कच्चा नुसता तुटतो. लहानपणी मला वाटायचं कोळसा त्यांच्याशी बोलतो.

दुसरी काडी मोडली. तिसरी.

"कच्चा हाय."

बस्स. आई म्हणाली, "बाप्पा, पोरगी दोन दिवसापासून धुरात बसून राहिली, जरा गोड बोलता नाई येत?" उत्तर नाही. टीव्हीवर कृषिवार्ता चाललेल्या, आवाज इतका की गोठ्यातली गाय मान वळवत होती.

२३ फेब्रु., रवि. वलगाव

पुन्हा केला. जाळ जास्त वेळ ठेवला. पुन्हा "कच्चा".

आईनं कच्चा माल जप्त केलाय. कुटून, मीठ घालून मंजन केलं. दात घासून मला दाखवले. "पाह्य, तुह्या बाबाच्या बंदुकीपक्षा हे कामाचं."

तरी मला यायला आवडतंय हे लिहून ठेवते. आधी महिना महिना जाणं व्हायचं नाही. बॅचेस, पेपर, लग्नं, काही ना काही. आता शनिवार आला की पाय वलगावच्या रस्त्याला लागतात. बाबा खाटेवर, मी विस्तवाजवळ, मध्ये धूर. ते जुन्या गोष्टी सांगतात. मी मध्येच काही विचारलं तर उत्तर न देता आपली गोष्ट पुढे नेतात. पहिल्यापासून असेच. आपलंच घोडं पुढे.

२ मार्च, रवि. वलगाव

आज भांडण. "कच्चा." मी म्हटलं, आता काय सोन्याची तुराटी आणू? तुमाले माह्या हातचं काहीच पटत नाई, पोरगा असता तर पटलं असतं. बोलले आणि जीभ चावली. दादाला या घरातला कोळसा कधी चुलीचाही माहीत नाही, तो कुठून आला मध्ये.

बाबा शांतपणे म्हणाले, "हो, पानी आन."

पाणी! मी एवढं बोलले आणि यांना पाणी. डबा उचलला आणि स्कूटरच्या पायरीवर ठेवला. आता अकोल्याला जाऊन हमीदभाईंनाच दाखवणार.

८ मार्च, शनि. अकोला, परत राजापेठ

हमीदभाई पुष्कळ थकलेत. दुकान मुलगा बघतो. डबा पाहून खुलले, काडी उचलली, कानाजवळ नेली. तीच पद्धत. मोडली.

टिण्ण.

मला तीन हातांवरून ऐकू आलं. त्यांनी डोळे मिटले. "वा बेटी. एक नंबर. तेरे बाप के हाथ का है ना?"

मी म्हटलं, माझ्या हातचा आहे, आणि बाबा याला कच्चा म्हणतात.

ते हसले नाहीत. दुसरी काडी मोडली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "फोन पे मैं बोलता तो वो सुनता है क्या, या बस हां हां करता है?"

येताना बसमध्ये सगळं एकेक करून आठवत गेलं. टीव्ही. पुण्याचा फाटका आवाज. हो, पानी आन. आणि गेल्या पाडव्याचं. शेजारचा गणेश सुटलेल्या वासरामागे बांधाकडे धावत येत होता आणि "थांबा, थांबा" ओरडत होता. बाबांनी बार काढला. गणेश तेव्हा लांब होता, काही झालं नाही. नंतर चहा पिताना आम्ही सगळे हसलो होतो की म्हाताऱ्याला गाडग्यापुढे जग दिसत नाही.

दिसत होतं. ऐकू येत नव्हतं.

भीती वाटली. आता घरी येऊन लिहितानाही वाटते आहे.

९ मार्च, रवि. वलगाव

बाबा खाटेवर पाठमोरे बसलेले. डबा अकोल्याला ठेवून येताना मूठभर काड्या परत आणल्या होत्या, त्यातली एक मी मागे उभी राहून मोडली. मग आणखी एक, अगदी कानाशी. मान हलली नाही. वाऱ्यानं चुलीचा धूर तिकडे गेला तेव्हा वळले आणि मला पाहून केवढे खूश झाले. "कवा आली वं माय?"

आज डबा लावलाच नाही, तुराट्या ओल्या आहेत म्हणून सांगितलं. आईला विहिरीजवळ गाठलं. ती म्हणाली, "मले काय नवं सांगतं. दोन वर्षं झाले, मी हातवाऱ्यानं संसार करून राहिली. पन बंदूक जाईन म्हणून बोलत नाई थे, अन् मीही नाई." माझ्याकडून वचन घेतलं की सगळ्यांसमोर सांगायचं नाही.

बंदूक गेली तर त्यांच्यात काय उरेल, हा प्रश्न आहे. आणि राहिली तर गणेश पुन्हा बांधावर येईल, हाही आहे. सांगावं तर मलाच लागणार. दादा सांगेल तर कायद्यानं सांगेल.

१४ मार्च, शुक्र., धुळवड. वलगाव

सांगितलं.

आई रंग टाळायला देवळात गेलेली. मी खाटेवर त्यांच्या अगदी समोर बसले, ओठ दिसतील अशी, आणि मोठ्यानं, सावकाश. हमीदभाई कोळसा पक्का म्हणाले. गेल्या पाडव्याला गणेश ओरडत होता. यंदा बार काढायचा नाही, बाबा.

बराच वेळ हातातली काडी फिरवत बसले. मग म्हणाले, "गनेश वरडला होता?"

हो.

"कोनी सांगतलं नाई मले."

डोळे भरले त्यांचे. गणेशला त्यांनी पाळण्यात पाहिलंय. मी हात धरला. तो हात एवढा हलका कधी झाला?

मग मी विचारलं, ऐकू येत नव्हतं तर तसं सांगायचं, माझा कोळसा काहून नासवला महिनाभर?

"पयल्या खेपेले खरंच वाटलं कच्चा हाय. वाजला नाई ना. मंग समजलं, आपलाच कान गेला. पन म्हटलं, कच्चा म्हटलं का पोरगी पुढच्या रविवारी येते. पक्का म्हटलं असतं तं आली असती का तू?"

खरं सांगायचं तर नसतेच आले.

२१ मार्च, शुक्र. राजापेठ

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डावा गेल्यातच जमा, उजव्यात थोडं आहे, मशीन लावून बघू म्हणाले. बाबा म्हणे, "कानात किडा ठेवून कोन फिरते!" रस्त्यावर दुचाक्यांचा एवढा कलकलाट आणि हा माणूस माझा हात धरून रसवंतीपुढे शांत उभा. रस दोन ग्लास प्यायले. मशीनला अजून होकार नाही, नकारही नाही.

दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, लहानपणी मला एकदा तरी तो कोळसा मोडू द्यायला हवा होता त्यांनी. मी मात्र इतकी वर्षं समजत होते, दादाला ते नकोच आहे.

३० मार्च, रवि., पाडवा. वलगाव

गुढी उभारली. बंदूक पुसून भिंतीवर, रिकामी. हमीदभाईंना मीच कळवलं होतं की यंदा काही पाठवू नका. ते म्हणाले, कोळसा कोरडा ठेवतो.

गाडगं मात्र बांधावर ठेवलं. बाबांनी दगड मारला, हुकला. मी मारला, गाडग्याच्या आसपाससुद्धा गेला नाही. आईनं पदर खोचला, दगड उचलला आणि पहिल्याच फटक्यात गाडगं फुटलं. गणेश टाळ्या पिटत पळत आला. आई म्हणाली, "एवढ्यासाठी पन्नास वर्षं घर धुरानं काळं केलं तुमी?" बाबांना ऐकू आलं नाही पण समजलं. पोट धरून हसले.

जेवणं झाल्यावर म्हणाले, "बंदुकीचा परवाना वारसाच्या नावानं करता येते म्हनते. दादाले नोको. तू घे." मला बंदूक कशाला? मला गाडगंही लागत नाही. आणि पोलीस पाटलापासून कलेक्टर कचेरीपर्यंत हिंडायचं कोणी? पण नाही असंही म्हटलं नाही. मे महिना अजून लांब आहे. बघू.

निघताना त्यांनी शेवटच्या डब्यातली उरलेली एक काडी माझ्या हातात दिली. "आता कान तुह्ये. मोड अन् सांग."

कानाजवळ नेली. मोडली. काच वाजावी तशी वाजली, हमीदभाईंकडे वाजली त्याहूनही स्वच्छ.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कच्चा हाय, बाबा," मी मोठ्यानं म्हटलं. "पुढच्या रविवारी पुन्हा लावू."