चिट्टीच्या पावलांचे अरिसेलु

प्रिय मंगतायारू वन्सं,

'पत्र वाचल्याशिवाय डबा उघडू नका' असं वर मोठ्या अक्षरात लिहिणार होते. पण तुमची जीभ मला ठाऊक आहे. पत्र घडीतच असेल आणि गुळाचे अरिसेलु तोंडात. खा, सावकाश खा, मग वाचा.

तुमचा निरोप पोचला. 'चिट्टी आता पाऊल टाकेल, रविवारी मी काकिनाड्याहून येते, तिच्या पावलांखाली मांडायचे अरिसेलु माझ्या हातचे, पोरीचं बोट सवाष्ण धरेल, नूकरत्नमनं मागच्या पडवीत बसावं.' म्हणजे मी! वा गं वा! तुमचा भाऊ गेला तेव्हा पोर पोटात होती. ती वाढवली मी, रात्रंदिवस काखेत वागवली मी, आणि तिच्या पायाखाली काय पडायचं ते ठरवणार तुम्ही?

वर्षभर हेच चाललंय. पोर पहिल्यांदा हसली ती मला शिंक आली म्हणून. त्या हसण्याचे तिळाचे लाडू वळले तुम्ही. पालथी पडली तेव्हा घरात मी आणि मांजर. तुम्ही म्हणालात, "आम्ही कुठं पाहिलं? म्हणजे पडलीच नाही." आणि आठ दिवसांनी पाहुण्यांसमोर डोसा उलटावा तशी पोरीला उलटलीत अन् पुरणाचे बोब्बट्लु वाटलेत! मला हसू आलं, तर म्हणे, "तुझ्यासारखीनं दात काढू नयेत." वन्सं, चिट्टीचे अजून यायचे होते, म्हणून मी माझे दाखवले.

आणि सातव्या महिन्यातलं उष्टावण? पुढ्यात पुस्तक, लेखणी, सोन्याची साखळी मांडलेली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. तुम्ही टाळ्या पिटताय, "सोनं धर गं माझी राणी, सोनं धर!" राणीनं सोनं गुडघ्यानं ढकललं, पुस्तकावर लाळ गाळली आणि रांगत थेट उंबरा ओलांडून माझ्या पायाशी. लगेच गलका, "उंबरा ओलांडला! गारेलु तळा!" सगळ्यांनी वडे चापले. उंबरा ओलांडला तो कुणाकडं यायला, हे एकानंही विचारलं नाही. आणि ते वडे तळत कोण होतं? तळायला माझा हात चालतो, नाही का?

तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसणार.

सोमवारी दुपारी चिट्टी उखळ धरून उभी राहिली. उखळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, उखळ सोडलं. एक, दोन, तीन पावलं, आणि आली माझ्या पदरावर. मी सासूबाईंकडं बघितलं. वाटलं, म्हणतील, 'बोलू नकोस कुणाला, रविवारी पहिल्यांदा चालली म्हणू.' त्या एवढंच म्हणाल्या, "तांदूळ भिजत घाल."

काल आम्ही दोघींनी ओलं पीठ कांडलं. पाक त्यांनी धरला, तळले मी. दोन फळ्यांत दाबून तूप काढताना त्या बोलायला लागल्या. आमचे हे, सूरिबाबू, चार महिन्यांचे असताना त्यांचे वडील गेले. त्यांच्या पहिल्या पावलांच्या दिवशी सासूबाई याच मागच्या पडवीत बसल्या होत्या. भिंतीपलीकडून नुसता गलका ऐकला. तेव्हा सहा वर्षांची एक पोरगी तोंडात अरिसेलु कोंबून मागं पळत आली आणि ओरडली, "अम्मा, धाकटा तम्मुडू चालला! तू ये ना बघायला!" कुणीतरी तिचा दंड धरून तिला परत नेलं. वन्सं, ती पोरगी तुम्ही. सासूबाईंना तुमच्या हातातला तुकडासुद्धा आठवतो. तुम्हाला आठवतं का काही?

मग आम्ही अरिसेलु अंगणात मांडले आणि चिट्टी त्यांवरून चालली. तिचं एक बोट माझ्या हातात होतं, दुसरं सासूबाईंच्या. डब्यात जो सगळ्यांत वर ठेवला होता त्याच्यावर तिच्या अंगठ्याचा खड्डा होता. तोच तुम्ही आधी उचलला असणार, तूप जास्त होतं ना. दोन विधवांनी केलेला. काही झालं का तुम्हाला? उचकी तरी लागली?

पत्र लिहायचं कारण इतकंच. रविवारी या, पण मी पडवीत सापडणार नाही. मी पुढच्या अंगणात, माझ्या पोरीच्या डाव्या बाजूला उभी असेन. सासूबाई म्हणतात, त्यांचं चालून झालं, चिट्टीचा उजवा हात मंगतायारूला दे. पाहिजे असेल तर या आणि धरा.

तुमचीच,
अजून दात काढणारी भावजय,
नूकरत्नम