नाल्याच्या वर शून्य

३ फेब्रुवारी २०२५, धुळे

भूमिका आकडे घेऊन आली. माझी शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. विषय — कारखान्याच्या नाल्यामुळे पांझरा नदीतले शिंपले कसे घटले. आकडे असे: नाल्याच्या वर, स्वच्छ पाण्यात, शून्य. नाल्याच्या खाली, जिथे पुलावरूनही मी नाकाला रुमाल लावल्याशिवाय जात नाही, तिथे एकेचाळीस. म्हणजे सांडपाणी हे शिंपल्यांचं टॉनिक आहे. बावीस वर्षं मी उलटं शिकवत होते. वा!

"चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल," मी म्हटलं.

"नाही मॅडम. बरण्यांवर मीच लावल्यात."

पुन्हा जा म्हटलं.

७ फेब्रुवारी

पुन्हा गेली. वर शून्य. खाली अडतीस. उरलेले तीन बहुतेक तिला कंटाळून सरकले.

८ फेब्रुवारी

प्रबंध २८ तारखेच्या आत जळगावला विद्यापीठात पोचला नाही तर तिची नोंदणी रद्द. दोन मुदतवाढी संपल्या. एक तिच्या बाळंतपणात, दुसरी माझ्या टेबलावर — तिचा मसुदा मी चार महिने 'वाचत' होते. ते मूल आता अंगणवाडीत जातं.

११ फेब्रुवारी

विभागप्रमुख योगराज सर डोकावले. "मॅडम, एवढं काय त्यात? तक्त्यात वरचं खाली करा. नदी काय साक्षीला येणार आहे?" चौदा विद्यार्थ्यांच्या पीएच.डी. पार पाडल्यात त्यांनी. अनुभवी माणूस.

हसण्यावारी नेलं. पण मोह झाला, हे इथे तरी लिहावं. पहिल्या दिवशी मीही तेच सुचवलं होतं, फक्त जरा सभ्य शब्दांत.

१२ फेब्रुवारी

भूमिकाला म्हटलं, तक्ता 'तपासून' आण. तिला बरोबर कळलं. "तुम्ही सांगाल तसं लिहिते मॅडम," म्हणाली. मान खाली.

लाज वाटली. मलाच. म्हटलं थांब, मी स्वतः नदीवर येते. प्राध्यापक झाल्यापासून पहिल्यांदाच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नदीवर. सोबत पितांबरनाना — बावीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेला शिंपले तेच आणून देतात. ते गुडघाभर पाण्यात वाकून चाचपडत होते. मी काठावरून सूचना देत होते, त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

"नाना, इथले शिंपले गेले कुठे?"

"अक्का, तुम्हना कालेजमा." चेष्टा नव्हती. सरळ सांगत होते. "बठ्ठा तठेच गयात." सगळेच्या सगळे.

"आणि नाल्याखालचे?"

"त्या कोन काढी? तुम्हीनच सांगेल शे ना, घान पानीमाधला नको."

सांगितलं होतं. प्रयोगाला निरोगी लागतात, स्वच्छ पाण्यातले, सगळे सात-आठ सेंटिमीटरचे. म्हणजे पूर्ण वाढलेले, पिलावळ देणारे. तेवढं व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. प्रयोगात त्यांना मारायला मला चार दिवस लागायचे.

घरी येऊन मोजलं. एका पेपरला एकशे ऐंशी शिंपले. पेपर त्रेपन्न. तांब्याचा कल्ल्यांवर परिणाम. जस्ताचा कल्ल्यांवर परिणाम. मग तेच दोन्ही पाचकग्रंथीवर. धातू बदला, अवयव बदला, पेपर तयार! साडेनऊ हजारांवर शिंपले. कारखान्यालाही एवढं जमलं नाही.

खूप वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

१७ फेब्रुवारी

भूमिकाला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हे लिहायचं?"

लिही म्हटलं. खालच्या शिंपल्यांच्या अंगात शिसं सापडलंय, ते चौथ्या प्रकरणात आहेच. कारखाना सुटत नाही. फक्त आता एकटा नाही.

योगराज सर दारातूनच म्हणाले, "निवृत्तीला चार महिने राहिलेत मॅडम. सत्कार ठरलाय." काळजी खरी होती त्यांची. सत्काराचे अध्यक्ष तेच आहेत.

२७ फेब्रुवारी

प्रबंध जळगावला गेला. पाचवं प्रकरण — स्वच्छ पाण्यातले शिंपले कशामुळे संपले. पुरावा म्हणून माझे त्रेपन्न पेपर, सालवार. शेवटी मार्गदर्शकाची सही लागते. केली.