त्रेसष्ट की शंभर

४ मार्च, सोमवार

बारा प्लेटा भंगारात जाणार! म्हणे मी भोकं चुकीच्या जागी पाडली. दोन भोकांना जोडणारी पट्टी फोरमनने स्वतः कापली – त्रेसष्ट मिलिमीटर. माझ्या भोकांमधलं अंतर शंभर. पट्टी बसेल कशी? सगळ्यांसमोर म्हणाला, "ड्रिल मशीन म्हणजे खोकी भरणं नव्हे, बाई." गुरुवारपर्यंत चूक कबूल करायची, नाहीतर परत पॅकिंगला. नऊ वर्षं खोकी भरली तेव्हा कुठे हे मशीन हाताला लागलं. कबूल करतंय माझं खेटर!

५ मार्च, मंगळवार

ड्रॉइंगची नक्कल घरी आणली. गणितात नापास झाल्यापासून पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. पुस्तकं पलंगाखाली. मीच ओढून काढली.

"दोन भोकांतलं अंतर कसं काढायचं गं?"

"मला काय विचारतेस? मी नापास आहे."

"मी तर परीक्षेलाच बसले नाही. म्हणजे तू माझ्यापुढेच की!"

उठली. पेन्सिल हिसकावून घेतली.

एक भोक (−२०, −१०) वर, दुसरं (४०, ७०) वर. "आई, शून्य प्लेटच्या मधोमध आहे. पहिलं भोक त्याच्या डावीकडे वीस, दुसरं उजवीकडे चाळीस. या टोकापासून त्या टोकापर्यंत किती?" साठ! तसंच खालून वर ऐंशी. दोघांचे वर्ग – छत्तीसशे आणि चौसष्टशे. बेरीज दहा हजार. वर्गमूळ शंभर.

शंभर!! चार वेळा करून पाहिलं.

६ मार्च

फोरमन रजेवर. हिशेब पाचव्यांदा करून पाहिला.

७ मार्च, गुरुवार

त्याची चूक सापडली! आमच्याकडे माप कायम प्लेटच्या कोपऱ्यापासून धरतात, म्हणजे वजाचा प्रश्नच नाही. त्याने सवयीने वजाच्या खुणा सोडून पत्र्यावर आखलं, फूटपट्टीने मोजलं – त्रेसष्ट.

"अंतर कधी वजा असतं का?" म्हणाला.

"अंतर नसतं, साहेब. जागा असते."

जमिनीवर खडूने रेघ मारली. हे शून्य. त्याला दोन फरशा डावीकडे उभं केलं. "आता रेघ ओलांडून पलीकडे चार फरशा जा. मोजत जा!" मोजल्या. सहा. दोन नव्हेत. तोंड एवढंसं झालं.

शंभरची पट्टी कापली. टक्कन बसली! बाराच्या बारा प्लेटांना! वेल्डर हातोडी बडवून नाचला. मशीन माझं! माझंच!!

फोरमन जाताना हळूच म्हणाला, "शिकवलं कोणी?"

"पोरीने. नापास झालीय ती गणितात."

१० मार्च, रविवार

फोरमन घरी आला. वही घेऊन! पोरीने कितीतरी दिवसांनी केस विंचरले होते. त्याला समोर बसवून म्हणाली, "काका, आधी एक ते वीसचे वर्ग म्हणून दाखवा."