छिद्रं गोल नव्हती, ताई

प्रिय ताई,

काल मनूनं तुही रायफल पहिल्यांदा चालवली, म्हणून लिहाले बसलो. तू गेल्यावर ती ठाण्यात जमा होती. कागदपत्रं होता होता वर्ष गेलं, अन् मागच्या हप्त्यात ती तुह्या लेकीच्या नावावर झाली. उरलेल्या गोळ्यांचा डबाही सोबत परत आला. तोच डबा, ताई. मी हट्टानं घ्याले लावलेला.

आठवते ना तुले? आपण दोघं नागपूरले दुकानात गेलतो. तुह्या नेहमीच्या गोळ्या संपल्या होत्या. तू म्हणत होती, "राहू दे, पुढच्या बारीले घेऊ." पण मले कुठं दम होता! मालेगावच्या रेंजवर उन्हाळ्यात वारा कसा सुटते, ते मी रोज पाहून राह्यलो होतो. म्हणलं, "ताई, ह्या जड गोळ्या घे. वाऱ्यानं हालत नाहीत."

तू डबा हातात फिरवून पाह्यला. "गजू, जड म्हणजे लांब गोळी. माह्या नळीले झेपन का?"

"काहून नाही झेपणार? केवढी लांब नळी हाय तुही!" मी असा ठसक्यात बोललो की दुकानदारबी हासला.

मग तू तिथंच, काउंटरपाशी, मले समजावत बसली. "नळीच्या लांबीनं गोळीले जोर भेटते रे, अन् तोही एका हद्दीपर्यंत. तिले सरळ ठेवतात ते नळीतले आटे. माह्या नळीत आटा सोळा इंचात एक फेरा घेते. लांब गोळीले त्याहून जल्दी फेरा पाह्यजे, नाही तं ती मंद झालेल्या भवऱ्यावानी डुलते अन् कागदाले आडवी लागते." मी हो हो करत होतो, लक्ष सारं त्या चमकत्या डब्यात. माहं तोंड उतरलेलं दिसलं तुले. म्हणाली, "चाल, घे बापा. एवढ्या दूर आलो तं पाहू चालवून." सारं कळत होतं तुले, तरी भावाचं मन राखलं!

रेंजवर माहं काम ठरलेलं. तू फैरी संपवून, रायफल रिकामी करून खाली ठेवली की मी निशाणापाशी जात होतो, पॉइंट ओरडून सांगत होतो, अन् छिद्रांवर खळीनं कागदाचे तुकडे चिकटवून तोच कागद पुन्हा कामी आणत होतो. नवा कागद लावला की तूच खेकसत होती, "कागद काय फुकट येते का रे?"

त्या दिवशी मी कागदापाशी गेलो अन् उभाच राह्यलो. छिद्रं चहूकडं पांगली होती. अन् गोल नव्हती, ताई. लांबट होती, गोळी कुशीवर निजून आत घुसल्यावानी.

तू तिकडून आवाज देल्ला, "गजू, छिद्रं गोल हायेत ना?"

तुले शंका आली होती! बरोबर तेच विचारलं तू! अन् मी काय बोललो? "गोलच हायेत!"

काहून बोललो मी असं? दुकानदारासमोर तू सांगतलेलं खरं निघालं होतं. आता घरी जाईपर्यंत तू मले चिडवशीन, रात्री जेवताना भाऊजीलेबी सांगशीन, एवढंच होतं माह्या डोक्यात. पांगलेले पॉइंट तेवढे ओरडून सांगतले, भराभर खळ लावली, तुकडे चिकटवले. मनात म्हणलं, उद्या सांगून टाकू.

वळून पाह्यलं तं तू आपल्या हाताकडं पाहून राह्यली होती.

मी एकदा ओरडलो असतो तिथून, "ताई, हात नाही, गोळी हाय," तं काय बिघडलं असतं गं? चार शिव्या देल्ल्या असत्या तू. माह्या टाळक्यात मारलं असतं. झालं असतं मोकळं. पण तो उद्या मी कधी येऊच देल्ला नाही.

तुले आईचा हात आठवला असन. तिचा कंपवात सुरू झाला तवा घरात पयले बशीवरचा कप वाजाले लागला होता. त्या दिवशी रेंजवरून आल्यावर तू रायफलचं कपाट लावून घेतलं अन् पुन्हा ती काढली नाही. डाक्टरनं तुले काही नाही म्हणून सांगतलं. तू घरी येऊन म्हणे, "आईलेबी पयले काही नाहीच म्हणलं होतं." मग चायचा कप दोन्ही हातानं धराले लागली. "अर्धाच भर, सांडन," म्हणे. मी समोर बसून तो अर्धा कप पाहात होतो, अन् माही चाय मले कडू लागत होती. तरी तोंड उघडलं नाही मी. जितकं लांबलं, तितकं सांगणं अवघड होत गेलं.

तूही कशी गं! एकदा, एकच बार, स्वतः चालत कागदापर्यंत आली असती तं? ज्या भावाले घरात कोणी एक काम भरवशानं सांगत नव्हतं, त्याच्या एका शब्दावर एवढा विश्वास कायले ठेवला?

मग एका सकाळी तुह्या छातीत कळ आली. दवाखान्यात शेवटपर्यंत तुहा हात माह्याच हातात होता. जरासाही कापत नव्हता, ताई.

काल मनूनं त्याच डब्यातल्या गोळ्या भरल्या. मी पाहून राह्यलो होतो, तरी तिले थांबवलं नाही. तिनं पाच मारल्या, रायफल खाली ठेवली, अन् दुर्बिणीतून पाहून तिचं तोंड पांढरं पडलं. सारी पांगलेली! "मामा," ती म्हणाली, "आजीचं मलेबी लागलं का? पयले आजी, मग आई, अन् आता मी?" मी कागदापाशी पोहोचलो तं मागून तिनं विचारलं, "छिद्रं गोल हायेत का?"

तुहाच आवाज! खळीचा डबा हातात होता. पण मी म्हणलं, "इकडं ये, अन् तूच पाह्य."

ती आली. बोट फिरवलं लांबट छिद्रावर. मग डब्यावरचं वजन वाचलं अन् कपाळावर हात मारून घेतला. "अगं माय! ही आपल्या नळीची गोळीच नाही!" रेंजवरच्या एकाकडून तुह्या नेहमीच्या गोळ्या मागून आणल्या अन् त्या भरून पुन्हा मारल्या. छिद्रं गोल, अन् बटनात मावतीन इतकी जवळ. खदाखदा हासली पोट्टी. हासता हासताच थांबली. "मामा, मग आईनं कागद पाह्यला नव्हता?"

"कागद मी चिकटवत होतो," म्हणलं. ती माह्याकडं पाहून राह्यली, अन् मी खळीचा डबा धुवाच्या निमित्तानं तिथून सटकलो. पुन्हा पळालो गं मी!

आता नाही पळणार. उद्या मनू येणार हाय. तिले तुह्या फोटोपुढं बसवून सारं सांगतो. मी काय पाह्यलं तेही, अन् तू विचारल्यावर काय बोललो तेही. मग ती मले मामा म्हणो का ना म्हणो. अन् यापुढं मारणाऱ्यानं स्वतः पाह्यल्याशिवाय एकाही छिद्रावर कागद लावणार नाही.

तू गेली तवापासून तुह्या फोटोपुढं सकाळी चाय ठेवतो आमी. सवयीनं अर्धाच कप. उद्या काठोकाठ भरून ठेवतो, ताई. एका हातानं उचल.

तुहा,
गजू