अडुळशावरचे डाग

२८ सप्टेंबर १९७३

बसत नाही! कुठल्याच वर्णनात बसत नाही! पारशिवनीहून येताना आमच्या कुंपणातल्या अडुळशाची डागाळलेली पानं सहज म्हणून आणली होती. इथे नागपूरच्या प्रयोगशाळेत माझे मार्गदर्शक वैरागडे सर आठवडाभर त्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. आज म्हणाले, "ही बुरशी नवी दिसते, प्रेमिला." एवढंच! आणि चष्मा पुसत बसले.

विदर्भातली झुडपं पालथी घातलेला हा माणूस. मार्चमध्ये रिटायर होणार, आणि स्वतः शोधलेली बुरशीची एकही जात नावावर नाही. दुसऱ्यांचे शोध मात्र रात्रंदिवस तपासून दिले. कुरकुर म्हणून नाही! मला हे जमलं नसतं.

१ ऑक्टोबर

पानं काप घेण्यातच संपली. वाळवलेला नमुना संग्रहात जमा केल्याशिवाय नव्या जातीचं नाव कोणी ग्राह्य धरत नाही. येत्या रविवारी सर स्वतःच गावी येणार. आईला निरोप धाडला — सर आपला अडुळसा बघायला येताहेत.

७ ऑक्टोबर

कपाळ माझं! अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, आणि कुंपण बोडकं! आईने डागाळलेलं सगळं छाटून जाळून टाकलं. वर मलाच म्हणते, "साहेब येऊन रायले नं वं! रोगट झाडं दाखवू का त्यायले?"

मी तोंड उघडणार, तोच सरांनी डोळ्यांनी दटावलं. म्हणाले, "अंजनाबाई, इतकं निर्मळ अंगण मी नागपुरात पाहिलं नाही." दोनदा चहा मागून घेतला.

परतताना बसमध्ये एकच बोलले, "आईला एका शब्दाने दुखवायचं नाही." मला रडूच आलं. हातातोंडाशी आलेलं गेलं, आणि या माणसाला काळजी माझ्या आईची!

१२ ऑक्टोबर

महाराजबाग, तेलंगखेडी, नागपुरात सगळीकडे हिंडलो. मेला अडुळसा जिथे तिथे धडधाकट!

२२ ऑक्टोबर

आई! प्रयोगशाळेच्या दारात, डोक्यावर गाठोडं. एकटी बसने आली. "सर चहा पिऊन रायले होते, पण डोये कुंपणावरच. रोगटच पानं पायजेत म्हून मले काहून नाही सांगतलं वं?" गाठोड्यात गावोगावची रोगट पानं — वांग्याची, एरंडाची, तुरीची, अडुळशाचीही. सरांनी एकेक पान तपासलं, वांग्याचंसुद्धा. अडुळशाच्या एका पानापाशी थांबले. त्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली घातला — तीच बुरशी! मग उठले आणि आईच्या पाया पडले.

"हे काय करून रायले जी तुमी!" आई ओरडली.